रबरी गांडूळ आणि बास : टकटक जाणवते, मासा लागत नाही

तळ्याकाठी

नमस्कार मंडळी. लार्जमाउथ बास (गोड्या पाण्यातला मोठ्या तोंडाचा शिकारी मासा) गरवायला लागून मला दुसरा मोसम. पहिल्या वर्षी क्रँकबेट, स्पिनर अशी कडक आमिषं वापरली आणि बरे मासे मिळाले. यंदा ठरवून फक्त नरम प्लॅस्टिक लावतोय, कारण आमच्या तळ्यात पाण्याखाली गवत आणि बुडालेली झाडं खूप आहेत आणि उघडे गळ दर दोन फेकींना अडकतात.

मांडणी अशी : सहा इंची सरळ शेपटीचं गांडूळ, ३/० मापाचा ऑफसेट गळ (डोळ्याजवळ झेडसारखा वाकवलेला), पुढे पाव औंसाचं बंदुकीच्या गोळीसारखं शिसं. म्हणजे साधं टेक्सास रिग (रिग म्हणजे गळ, वजन आणि आमिष यांची मांडणी). रॉड साडेसहा फुटी मीडियम, म्हणजे मध्यम ताठ, दोरी १० पौंडांचा ताण सोसणारी, नायलॉनची.

अडचणी तीन आहेत. माशाने आमिषाला तोंड लावल्याची टकटक स्पष्ट जाणवते, मी झटका देतो आणि गांडूळ डोक्यापासून खाली गोळा होऊन रिकामं परत येतं. गेल्या खेपेला आठ वेळा टकटक आली, मासा एक. दुसरी अडचण दोरीच्या पिळाची. पंधरा-वीस फेकी झाल्या की रिळावरून वेटोळी सुटतात. आणि तिसरी, रंग. डब्यात अकरा रंग झालेत आणि कोणता कधी लावायचा ते अजून कळत नाही.

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

पाणकावळा

लावलेल्या गांडुळाचा फोटो टाकता का? एक वरून, एक बाजूने. दोरीला पीळ पडतोय म्हणताय, तर माझा संशय तिथेच आहे.

तळ्याकाठी

टाकलेत, वर पहा.

जुना_गळ

फोटो पाहिले. तुमचं गांडूळ केळ्यासारखं वाकलेलं आहे. पहिल्या दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे, म्हणून जरा सावकाश लिहितो.

वाकडं लावलेलं गांडूळ ओढलं की पाण्यात गरगर फिरतं. प्रत्येक फेकीत ते फिरणं दोरीत साठत जातं आणि तोच तुमचा पीळ. शिवाय खरा कुठलाच जीव पाण्यात असा गिरक्या घेत तळाशी जात नाही. बास जवळ येऊन पाहतो आणि निघून जातो, किंवा शेपटीचं टोक चाचपून सोडतो. तुम्हाला जाणवलेल्या आठ टकटकींपैकी काही अशाच असणार.

आता लावायचं कसं ते सांगतो. गांडूळ हातात घेऊन उजेडात फिरवा. साच्याच्या दोन अर्ध्या जुळतात तिथे एक बारीक रेघ दिसते. ही रेघ म्हणजे तुमची ओळंब्याची दोरी. गळाचं टोक डोक्याच्या बरोबर मध्यात खुपसा, साधारण अर्धा सेंटिमीटर आत न्या आणि रेघेवरून बाहेर काढा. गळ पूर्ण ओढून घ्या, अगदी त्या झेड आकाराच्या वाकापर्यंत. आता गळ अर्धा फिरवा, म्हणजे टोक गांडुळाच्या अंगाकडे येईल.

इथे बहुतेकांची चूक होते. लगेच टोचू नका. गळ गांडुळाच्या शेजारी मोकळा लोंबू द्या आणि गळाचा खालचा बाक गांडुळाला कुठे टेकतो ते पाहा. तिथे नखाने खूण करा. मग गांडूळ त्या जागी किंचित आखडून धरा, टोक खुणेतून समोरच्या रेघेवर सरळ आरपार काढा आणि सोडा. गांडूळ सैल होऊन सरळ बसलं पाहिजे. वर फुगवटा आला तर खूण खाली गेली आहे, ताणून पातळ झालं तर वर गेली आहे. काढा, पुन्हा लावा. छिद्र मोठं झालं तर डोक्याकडचा अर्धा सेंटिमीटर कापून टाका, पण वाकडं फेकू नका.

शेवटचं काम : आरपार आलेलं टोक पुन्हा गांडुळाच्या कातडीखाली जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लपवा. बोट फिरवल्यावर टोक टोचायला नको, पण बोटाने दाबल्यावर लगेच बाहेर यायला हवं. हे झालं की गवतातून आमिष सुखरूप येतं आणि झटक्याला टोक अडत नाही. तुमच्या फोटोत टोक अंगाच्या मध्यात रुतलंय. म्हणजे तुमच्या झटक्याला आधी अर्धं गांडूळ फाडायचंय, मग माशाचा जबडा.

फेकण्याआधी एक सवय लावून घ्या. आमिष पायाशी, गुडघाभर पाण्यात सोडा आणि एक हात ओढून पाहा. सरळ आलं तर फेका. फिरलं तर पुन्हा लावा. मी आजही प्रत्येक नव्या गांडुळाला हे करतो.

मीनपंख

किती छान समजावलंत! मी बांधलेलं गांडूळ नेहमी थोडं ताणलेलं राहायचं, आज कारण कळलं.

काका, गळाचा आकार कसा ठरवायचा? पाकिटावर कधी ३/० लिहिलेलं असतं, कधी ५/०. आणि रुंद पोटाचा गळ आणि सरळ दांड्याचा गळ यात फरक काय?

जुना_गळ

मीनपंख, आकड्यापेक्षा मोकळी जागा पाहा. गळाचं टोक आणि दांडा यांच्यामध्ये आमिषाचं अंग असतं. मासा दाबतो तेव्हा ते अंग खाली सरकायला जागा हवी, नाहीतर टोक उघडं पडतच नाही. बारीक सहा इंची गांडुळाला ३/० पुरतो. तेच जाड, चपट्या अंगाचं, बीव्हर नावाने मिळणारं किंवा खेकड्यासारखं आमिष असेल तर रुंद पोटाचा ४/० किंवा ५/०. जाड आमिष आणि अरुंद गळ ही जोडी दिसली की गोळा होऊन परत येणारं प्लॅस्टिक ठरलेलंच.

सरळ दांड्याचा गळ दाट झाडोऱ्यात उभ्याने आमिष सोडताना चांगला. त्याला स्नेल गाठ मारतात. दोरी गळाच्या डोळ्यातून जाऊन दांड्यावर गुंडाळली जाते, त्यामुळे ताण आला की टोक आपोआप बाहेर वळतं. बाकी ठिकाणी पालोमार गाठ. घट्ट करण्याआधी थुंकीने ओली करा, कोरडी ओढली तर दोरी घासून भाजते आणि नेमकी तिथे तुटते.

पाणकावळा

जुना_गळ यांच्याशी पूर्ण सहमत. फक्त रॉड आणि दोरीचं राहिलं.

टेक्सास रिगमध्ये टोक प्लॅस्टिकमधून बाहेर पडून मग जबड्यात शिरायचं असतं. साडेसहा फुटी मीडियम रॉड आणि १० पौंडी नायलॉन यांनी हे लांबून होणं अवघड. नायलॉन ताणलं जातं. पंचवीस-तीस मीटरवर मासा असेल तर तुमचा निम्मा झटका दोरीच खाते. सात फुटी मीडियम हेवी रॉड, टोकाशी वाकणारा, आणि १५ पौंडी फ्लुरोकार्बनची दोरी घेऊन पाहा. फ्लुरोकार्बन पाण्यात बुडतो, त्यामुळे दोरी आमिषापर्यंत सरळ जाते आणि टकटक हाताला लवकर पोचते. दाट गवत असेल तर विणलेली ब्रेडेड दोरी, ती ताणलीच जात नाही.

रातवा

मला वाटतं घाई हे खरं कारण आहे. मला शिकवलं गेलं की टकटक आली की दोरी सोडायची, माशाला घेऊन जाऊ द्यायचं, दहा आकडे मोजायचे आणि मग झटका. मी तसंच करतो आणि मासे मिळतात.

पाणकावळा

रातवा, इथे मात्र माझा स्पष्ट विरोध आहे.

बास आमिष दातांनी पकडून कुरतडत नाही. तो तोंड एकदम उघडतो आणि पाण्याबरोबर आमिष आत खेचलं जातं. आपल्याला जाणवणारी ती 'टक्' म्हणजे आमिष तोंडात गेल्याची खूण. नको वाटलं तर तो तितक्याच वेगाने बाहेर फुंकतो. दहा आकडे मोजले तर दोनच शक्यता उरतात : सोडून गेला, किंवा घशापर्यंत गिळला. गिळलेल्या माशाचा गळ काढताना कल्ल्यांना इजा झाली तर तो सोडूनही जगत नाही. सोडायचा मासा असेल तर वाट पाहू नये.

मी काय करतो : टक् आली की रॉडचं टोक माशाकडे झुकवतो, ढील भरून घेतो, वजन आहे याची खात्री होते आणि लगेच झटका. हे सगळं एका श्वासात होतं.

रातवा

गिळण्याबद्दलचा मुद्दा पटला. माझे बरेच मासे खोलवर लागलेले असतात हे खरं आहे, पण मी त्याचा संबंध मोजण्याशी कधी लावला नव्हता. पुढच्या वेळी लगेच झटका देऊन पाहतो.

घशात लागलाच तर काय करायचं? मी आतापर्यंत ओढूनच काढत आलो.

उथळपाणी

ओढू नका. लांब चोचीचा चिमटा जवळ ठेवा. गळ दिसत असेल तर कल्ल्याच्या झाकणाच्या बाजूने चिमटा आत घालून गळाचा दांडा धरता येतो. गळ उलटा वळवला की टोक सुटतं. लाल कल्ल्यांना चिमटा लागू द्यायचा नाही. दिसतच नसेल तर दोरी शक्य तितकी जवळ कापून मासा सोडून द्या. आणि मोठा मासा नुसता खालच्या जबड्याने आडवा उचलून धरू नका, जबड्यावर सगळं वजन येतं. दुसरा हात पोटाखाली हवा, आणि हात आधी ओले करा.

निळाशार

रंगाबद्दल मी लिहितो. अकरा रंगांची गरज नाही, तीन रंगांवर भागतं. स्वच्छ पाण्यात ग्रीन पंपकिन (मळकट हिरवा-तपकिरी) किंवा पाण्यासारखे अर्धपारदर्शक रंग. गढूळ पाण्यात काळा-निळा, कारण गढुळात बारकावे दिसत नाहीत, गडद आकार दिसतो. थोड्याशा गढूळ पाण्यात जूनबग (हिरवी चमक असलेला गडद जांभळा). शेपटीवर पिवळा-हिरवा ठिपका काही दिवस चालतो, विशेषतः बास सनफिश या छोट्या माशांच्या मागे असेल तेव्हा.

पण रंग बदलण्याआधी शिशाचं वजन बदला. माझ्या अनुभवात मासे रंगापेक्षा पडण्याच्या वेगावर जास्त अडतात.

जुना_गळ

निळाशार यांनी नेमकं सांगितलं. या शेवटच्या वाक्यावर मी आणखी बोलणार आहे.

नरम प्लॅस्टिकला मासा बहुतेक वेळा ते खाली पडत असताना लागतो. ओढताना कमी. म्हणून वजनाचं काम आमिष तळाला पोचवण्याइतकंच नाही, किती वेळ पडत राहील हेही तेच ठरवतं. दोन मीटरपर्यंतच्या पाण्यात वारा नसेल तर मी एक अष्टमांश औंस लावतो, म्हणजे साडेतीन ग्रॅम. तुमचा पाव औंस म्हणजे सात ग्रॅम, तो खोल पाण्याला किंवा वाऱ्याला ठीक. तरंगत्या गवताचा जाड थर भेदून खाली जायचं असेल तर एक औंस किंवा त्याहून जास्तही लागतो.

पडताना दोरी कशी ठेवायची हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. ताठ धरली तर आमिष लंबकासारखं तुमच्याकडे झुलत येतं आणि झाडापासून लांब पडतं. पूर्ण सैल सोडली तर मासा घेऊन गेला तरी कळत नाही. पतंगाची ढील जशी हातात राहते, सुटत नाही, तशी दोरी हवी. आणि नजर रॉडवर नको, दोरी पाण्यात शिरते त्या ठिकाणी ठेवा. तिथे दोरी बारीकशी उडाली, बाजूला सरकली, किंवा तळ यायच्या आधीच थांबली, तर तो मासा आहे. हाताला काहीच जाणवलं नाही तरी झटका द्या. माझे कितीतरी मोठे मासे असे नजरेने लागलेत.

शिसं गांडुळाला खिळवून ठेवायचं की मोकळं, हाही प्रश्न येईल. गवतात आणि फांद्यांत रबराचा छोटा थांबा लावून खिळवा, नाहीतर शिसं फांदीच्या एका बाजूला आणि गांडूळ दुसऱ्या बाजूला लटकतं. उघड्या तळावर मोकळं ठेवा. शिसं खाली बसतं आणि मागून गांडूळ सावकाश तरंगत येतं.

उथळपाणी

टेक्सासच्या पलीकडेही पाहा, तळ्याकाठी. मी उन्हाळ्यात सकाळी फक्त वॅकी लावते. पाच इंची काडीसारखं जाड गांडूळ, सेन्को नावाने मिळतं त्या प्रकारातलं, त्याच्या बरोबर मध्यात छोटा गळ आडवा टोचायचा. शिसं नाही, काही नाही. गांडुळातच मीठ भरलेलं असतं, त्या वजनाने ते आडवं पडत जातं आणि दोन्ही टोकं थरथरतात. धक्क्याच्या कडेला, झुकलेल्या झाडाच्या सावलीत टाका आणि हात अजिबात हलवू नका. हेच सगळ्यात कठीण असतं.

मऊ मिठाचं गांडूळ दोन माशांतच तुटतं. मध्यभागी रबरी रिंग चढवून गळ त्या रिंगखालून घातला तर एकच गांडूळ पाच-सहा मासे टिकतं. इथे टोक उघडं असतं, त्यामुळे जोरदार झटका नको. नुसतं रीळ फिरवत रॉड उचला. मीडियम रॉड आणि १० पौंडी दोरी वॅकीला अगदी योग्य आहे, ती फेकून देऊ नका!

त्याच गांडुळाच्या एका टोकात खिळ्यासारखं छोटं वजन खुपसलं की झालं नेको रिग. डोकं खाली जातं आणि शेपटी वर उभी राहून हलते. पाणी थोडं खोल असेल तर हे वॅकीपेक्षा जास्त चालतं.

खोलडोह

स्वच्छ, खोल पाण्यात आणि स्मॉलमाउथ बाससाठी (लार्जमाउथचा लहान तोंडाचा भाऊबंद) ड्रॉप शॉट रिगला तोड नाही. गळ आधी, वजन त्याच्या खाली. पालोमार गाठ मारताना उरलेलं टोक लांब ठेवायचं आणि गाठ आवळल्यावर दोरीचं ते टोक गळाच्या डोळ्यातून पुन्हा खाली काढायचं, गळाचं अणकुचीदार टोक असतं त्या बाजूने. मग गळ दोरीला काटकोनात उभा राहतो. वजन पंधरा ते पंचेचाळीस सेंटिमीटर खाली. आमिष तीन-चार इंची, नाकात टोचलेलं.

हलवताना वजन जागचं हलू नये. दोरीतल्या ढिलाईलाच कंप द्यायचा. आमिष तिथल्या तिथे थरथरतं आणि तळ सोडून वर असतं, त्यामुळे माशाला दिसतं.

कॅरोलिना रिग त्याच्या उलट. अर्धा ते एक औंस वजन, मणी, स्विव्हल (फिरती कडी) आणि मग अर्धा ते एक मीटर दोरीच्या पुढे आमिष. मोठा सपाट तळ भराभर शोधायला.

मीनपंख

नेड रिग राहिलं! कॅन्ससच्या नेड केडी यांच्या नावावरून ओळखलं जातं. अळंबीच्या टोपीसारखं चपटं डोकं असलेला हलका जिग (डोक्याशी वजन ओतलेला गळ), दीड-तीन ग्रॅमचा, आणि त्यावर अडीच-तीन इंची तुकडा. मासे रुसलेले असतात त्या दिवशी मी हेच लावते. दिसायला काहीच नाही, पण तळावर शेपटी वर करून उभं राहतं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. नेडसाठी मिळणारे ते रबरासारखे ताणले जाणारे, तरंगणारे तुकडे साध्या पीव्हीसी गांडुळांच्या शेजारी ठेवू नका. मी एकाच कप्प्यात ठेवले होते. दोन आठवड्यांनी डबा उघडला तर सगळं वितळून एकमेकांत मुरलेलं, चिकट लगदा. गळ धुवायला तासभर गेला. दोन्ही आपापल्या मूळ पाकिटांतच ठेवा.

निळाशार

थोडा इतिहास. बाजारात आलेलं पहिलं यशस्वी प्लॅस्टिक गांडूळ १९४९चं. ओहायोतल्या ऍक्रनमध्ये निक क्रीम यांनी घरच्या स्वयंपाकघरात साचे करून ते ओतलं होतं. पुढे त्यांनी टेक्सासमध्ये टायलरला बस्तान हलवलं. धरणांत बुडालेल्या जंगलांतून गळ न अडकवता आमिष काढायचं असेल तर टोक लपवावंच लागतं, टेक्सास रिगचं बळ तिथे आहे. सेन्को खूप नंतरचं, गॅरी यामामोतो यांनी १९९०च्या दशकात आणलं.

उथळपाणी

फाटलेली गांडुळं पाण्यात टाकू नका, ही कळकळीची विनंती. ती कुजत नाहीत, उलट पाणी शोषून फुगतात आणि मासे ती गिळतात. मी एक रिकामी डबी खास त्यासाठी ठेवते. दोन अर्धे तुकडे लायटरने कडा वितळवून जोडलेही जातात, मात्र उघड्या हवेतच करा, धूर चांगला नसतो.

आणि जमेल तसं शिशाकडून टंगस्टन धातूच्या वजनांकडे वळा. पाण्यात सुटलेलं शिसं लून हे पाणपक्षी खड्यांबरोबर गिळतात आणि मरतात, म्हणून अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर, व्हरमाँटसारख्या राज्यांत लहान वजनांच्या शिशावर बंदी आहे. टंगस्टन महाग आहे, पण शिशापेक्षा पुष्कळ घन असल्यामुळे तेवढ्याच वजनाला आकार लहान येतो आणि तळाचे खडे, चिखल, लाकूड यांतला फरक हाताला चांगला कळतो.

तळ्याकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन खेपा करून आलो, आता लिहितो.

रॉड अजून तोच आहे, दोरी मात्र १५ पौंडी फ्लुरोकार्बन घातली. शिसं एक अष्टमांश केलं. पहिल्या सकाळी बांधण्यातच अर्धा तास गेला. नखाने खूण करून लावलेलं पहिलं गांडूळ पायाशी पाण्यात सोडलं, ओढलं आणि ते पहिल्यांदाच न फिरता आलं. तेवढ्यानेच इतका आनंद झाला की दोनदा परत ओढून पाहिलं. तीन खेपांत दोरीला पीळ नाही.

टकटकी अकरा, मासे सहा. सुटलेल्यांपैकी दोन वेळा माझ्याच ढिलाईमुळे, दोरी भरून न घेता झटका दिला.

तिसऱ्या दिवशीचा मासा सांगायलाच हवा. बुडालेल्या ओंडक्याशेजारी आमिष सोडलं, साधारण दीड मीटर पाणी. हाताला काही नाही. पण दोरी पाण्यात शिरते तिथे पाहत होतो, आणि ती तळ यायच्या आधीच थांबली. मग अगदी सावकाश, वाऱ्याच्या उलट दिशेला सरकायला लागली. झटका दिला आणि रॉड वाकलेलाच राहिला. ओंडक्याखाली घुसायचा प्रयत्न केला त्याने, दोनदा उडी मारली. गळ वरच्या जबड्याच्या मध्यात लागला होता, गांडूळ दोरीवर वर सरकलेलं. साडेतीन पौंडांचा होता. हात ओले करून, पोटाखाली हात देऊन सोडला, शेपटीचा फटका देऊन गेला.

आता प्रश्न एकच. वसंतात पाणी सोळा-सतरा अंशांवर आलं की बास अंडी घालायला कडेला येतात ना? तेव्हाही हेच रिग चालेल का?

जुना_गळ

वा! दोरी थांबलेली तुम्हाला दिसली, याचा मला फार आनंद झाला.

हो, तेव्हाही चालेल. पण घरट्यावर बसलेला मासा नर असतो, तो अंडी आणि पिल्लं राखत असतो. त्याला बाहेर काढून बराच वेळ हातात ठेवलं तर तेवढ्यात सनफिश येऊन अंडी साफ करतात. मी त्या आठवड्यांत गोल, स्वच्छ केलेली घरटी दिसली की ती सोडून देतो आणि कडेपासून थोडं आत, पहिल्या उतारावर, अंडी घालायच्या आधी थांबलेले मासे शोधतो. तिथे बारीक सहा इंची गांडूळ, हलकं वजन, आणि पडताना भरपूर वेळ.

मीनपंख

तळ्याकाठी, ते गांडूळ दोरीवर वर सरकलं होतं म्हणालात ना, ते फाटलं नसेल तर टाकू नका. डोक्याकडून अर्धा सेंटिमीटर कापा आणि पुन्हा लावा. माझं एक असं करत करत चार इंचांवर आलंय आणि अजून मासे देतंय.